आकडा कुठून येतो?

आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळच्या जंगलात २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तीन अमेरिकी अभ्यासकांना एक लहानखुरे घुबड दिसले. तो रानपिंगळा होता. शंभराहून अधिक वर्षांत त्याची एकही खात्रीची नोंद झालेली नव्हती आणि तो नामशेष झाला असे बहुतेक जण धरून चालले होते. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांपैकी एकाच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, गुजरात, १९१४. गोळा करणारे, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन. सर्वांत अलीकडची नोंद तीच असल्यामुळे पुढचे शोध साहजिकच तापीकाठच्या त्या भागाकडे वळले आणि रिकाम्या हाताने परतले. रासमुसेन यांनी नमुन्याची बारकाईने तपासणी केली तेव्हा कळले की चिठ्ठी खोटी होती. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना माइनर्ट्झहॅगन यांनी लंडनच्या संग्रहालयातून उचलला, त्यात नव्याने भुसा भरला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली. ती चिठ्ठी बाजूला ठेवून उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर निघाल्यावर पक्षी सापडला.

ही हकिकत बहुधा एका चोरीची म्हणून सांगितली जाते. चोरीइतकाच मोठा प्रश्न तिच्यात आणखी एक आहे. एका माणसाने केलेली एक नोंद पुढच्या कित्येक जाणकारांच्या पायांची दिशा ठरवते. नोंद करणारा कोण, त्याने नेमके काय पाहिले, ते कुणी पडताळले, हे विचारणारे कुणी नसेल तर चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहते. आज आपण एका पक्ष्याच्या नव्हे, सबंध देशाच्या जीवसृष्टीचे मोजमाप करायला निघालो आहोत. त्या मोजमापात अशा लाखो चिठ्ठ्या आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या जागतिक जैवविविधता करारात २३ लक्ष्ये ठरली आणि त्यांच्याकडे आपण कितपत सरकलो हे प्रत्येक देशाने निर्देशकांच्या आधारे सांगायचे ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत भारताने आपला सुधारित कृती आराखडा मांडला. त्यातही २३ राष्ट्रीय लक्ष्ये आहेत. त्याच वर्षी ३० जून रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने देशातील ज्ञात प्राणिप्रजातींची यादी जाहीर केली. आकडा होता १,०४,५६१. १९१६ पासून चालत आलेल्या संस्थेतल्या वर्गीकरणतज्ज्ञांचे हे काम मोलाचे आहे. पण देशात काय काय आहे याची ती यादी झाली. त्यातले काय वाढते आहे, काय आटते आहे, कशाकडे तातडीने धावायला हवे, हे यादीतून कळत नाही. जनगणनेत माणूस दार उघडून उत्तर देतो. बेडूक, गवत, फुलपाखरू, रानपिंगळा यांच्या बाबतीत ती सोय नाही. त्यामुळे राष्ट्रीय आकडा हा मोजलेल्या थोड्या गोष्टी, अंदाज बांधलेल्या बऱ्याच गोष्टी आणि जाणकारांनी आपसांत बोलून ठरवलेल्या काही गोष्टी यांतून उभा राहतो. त्या बोलण्याकडे, त्याच्या रीतीभातींकडे आपण फारच कमी लक्ष देतो.

वाघांची मोजणी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. १९६० च्या दशकात ओडिशात एस. आर. चौधरी यांनी पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. वनरक्षकाने ठशावर काच धरायची, रेघ उतरवायची, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि अनुभवी अधिकाऱ्याने ठसा पाहून हा वाघ वेगळा की तोच, हे सांगायचे. सगळा भार एका नजरेवर. ती नजर चुकली तर पकडणार कोण, याची तजवीज पद्धतीत नव्हती. २००४ च्या अखेरीस राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नव्हता, आणि सरकारी मोजणी मात्र त्याच वर्षी तिथे पंधराहून अधिक वाघ असल्याचे सांगत होती. पुढे सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमले गेले, पद्धत बदलली, कॅमेरे आले, पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखणे सुरू झाले. २००६ च्या फेरीत देशाचा आकडा १,४११ आला. आधीच्या पद्धतीने तो साडेतीन हजारांच्या वर सांगितला जात होता. वाघ अर्ध्याहून कमी झाले, असा अर्थ तेव्हा अनेकांनी लावला. खरे तर दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टी एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, आणि किती वाघ गेले हे त्या दोन आकड्यांवरून सांगणे शक्यच नव्हते.

अलीकडचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूरला वाघांची संख्या ३,१६७ म्हणून जाहीर झाली. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस ३,६८२ हा आकडा आला. पहिला किमान अंदाज होता, दुसरा सरासरी, आणि वरची मर्यादा ३,९२५ होती. तिन्ही आकडे प्रामाणिक आहेत. एकाच उत्तराच्या त्या तीन बाजू आहेत. पण मथळ्यात एकाच आकड्याला जागा असते. व्याघ्र-अभ्यासक उल्हास कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजणीतल्या संख्याशास्त्रावर वर्षानुवर्षे जाहीर आक्षेप घेतले. खुणांच्या प्रमाणावरून कॅमेरा नसलेल्या भागातले वाघ किती, हे सांगणे कितपत टिकते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर मोजणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी उत्तरे दिली. हा वाद कटू झाला, तरी तो झाला हे देशाचे भाग्य म्हणायला हवे. सरिस्कात असा वाद घालणारे कुणी मोजणीच्या आत नव्हते.

पक्ष्यांच्या बाबतीत गेल्या दशकात जे घडले ते आम्हाला फार आशादायक वाटते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल निघाला. तेरा संस्थांनी तो मिळून केला. त्यामागे तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. यातले बहुतेक जण शास्त्रज्ञ नाहीत. शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी, विद्यार्थी, शेतकरी पहाटे उठून तलावावर किंवा माळावर जातात आणि पाहिलेले पक्षी मोबाइलवरून ‘ईबर्ड’वर नोंदवतात. अशा माणसांच्या हौसेतून राष्ट्रीय आकडा कसा तयार होतो?

पहिली अट साधी आहे. जे दिसले, ऐकू आले आणि ओळखता आले ते सगळे लिहायचे. फक्त दुर्मीळ पक्षी लिहिला आणि कावळे-साळुंक्या सोडून दिल्या, तर ती यादी या कामाला चालत नाही. यादी पूर्ण असेल तरच यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, याचे प्रमाण वर्षागणिक पाहिले की चिमणीची वाटचाल कळते. दुसरी गोष्ट पडताळणीची. एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी किंवा अवाजवी मोठी संख्या कुणी नोंदवली, तर नोंद आपोआप थांबते. मग त्या भागातला एक स्वयंसेवक जाणकार नोंदवणाऱ्याला लिहितो: फोटो आहे का, आवाज ध्वनिमुद्रित केला का, जवळपासच्या दुसऱ्या जातीशी गल्लत तर झाली नाही ना? या पत्रव्यवहारात कधी नवख्याची चूक दुरुस्त होते, तर कधी जाणकाराला नवी माहिती मिळते. आपली नोंद नाकारली गेली म्हणून लोक रागावतात, हेही खरे. पण माइनर्ट्झहॅगन यांच्या चिठ्ठीला असा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर रानपिंगळ्याचा शोध इतका लांबला नसता. या देवाणघेवाणीला आम्ही या सगळ्या उद्योगाचा कणा मानतो. पडद्यामागचे हे पडताळणारे लोक विनामोबदला काम करतात, आणि अहवालाच्या बातमीत त्यांचा उल्लेखही नसतो.

तिसरी गोष्ट, आणि इथे या अहवालाने आपल्याकडच्या सर्व अहवालांना धडा घालून दिला आहे. त्यात ९४२ प्रजातींचा विचार झाला, पण दीर्घकालीन वाटचाल सांगण्याइतकी माहिती फक्त ३३८ प्रजातींची आहे, असे अहवाल स्वतःच सांगतो. त्या ३३८ पैकी २०४ घटल्या, ९८ स्थिर आहेत, ३६ वाढल्या. उरलेल्या सहाशेंबद्दल आत्ता सांगता येत नाही, हे लिहायला धैर्य लागते. साधारण २००० सालापूर्वीच्या नोंदी पुरेशा नाहीत, म्हणून तुलनेला पाया नाही. जुन्या पक्षीमित्रांच्या डायऱ्यांतल्या नोंदी त्यासाठी नव्याने भरल्या जाताहेत. कुणाच्या घरी माळ्यावर पडलेली १९८५ ची वही आज राष्ट्रीय दस्तऐवज ठरू शकते.

याच पद्धतीने लोकांची एक ठाम समजूत बदलली. चिमण्या संपल्या, असे आपल्यापैकी प्रत्येक जण म्हणत होता. २०२० च्या पहिल्या अहवालात दिसले की देशभर पाहता चिमणीची संख्या गेली पंचवीस वर्षे बव्हंशी स्थिर आहे, महानगरांत मात्र ती घटते आहे. महानगरात राहणाऱ्यांचा अनुभव खोटा नव्हता, तो फक्त सबंध देशाचा नव्हता. उलट दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख आजही तारेवर बसलेला दिसतो, म्हणून त्याची कुणाला काळजी वाटत नव्हती. २०२३ च्या अहवालाने त्याची घट इतकी ठळकपणे दाखवली की जागतिक पातळीवर त्याच्या स्थितीचे फेरमूल्यांकन करावे, अशी शिफारस झाली.

पक्ष्यांना हौशी माणसे लाभली. शेवाळांना, कोळ्यांना, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांना ती कोण देणार? अशा वेळी थोड्या तज्ज्ञांच्या अंदाजावर विसंबावे लागते, आणि तो अंदाज कसा घ्यायचा याचेही शास्त्र आहे. नॉर्वेने २०१० मध्ये आपल्या निसर्गाचा राष्ट्रीय निर्देशांक काढला. ३०९ निर्देशक, सुमारे सव्वाशे तज्ज्ञ. प्रत्येकाने आपल्या अभ्यासातल्या प्रजातीची किंवा घटकाची स्थिती सांगायची, पण एकच आकडा द्यायला मुभा नव्हती. बहुधा इतके, कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, असे सांगायचे. शिवाय हे प्रत्यक्ष मोजणीवरून आहे, प्रतिमानावरून आहे की स्वतःच्या जाणकारीवरून, तेही लिहायचे. शेवटी शून्य ते एक या पट्टीवर उत्तर येते आणि त्यासोबत अनिश्चितताही छापली जाते. नॉर्वेची जंगले या पट्टीवर समुद्रापेक्षा बरीच खाली आली. वाळलेली, कुजणारी जुनी झाडे आणि त्यांवर जगणारी सृष्टी तिथे फारच कमी उरली आहे, हे त्याचे एक मोठे कारण. हिरव्यागार डोंगराकडे पाहून हे कुणाला सुचले नसते.

तज्ज्ञ एकत्र बसले की काय होते, याचा अभ्यास मार्क बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात बरीच वर्षे केला. ज्याचा मान मोठा त्याचा अंदाज अधिक अचूक, असे त्यांना आढळले नाही. आपल्या उत्तराबद्दल तज्ज्ञांना वाटणारा विश्वास बहुधा वाजवीपेक्षा जास्त असतो, हेही दिसले. म्हणून त्यांनी सुचवलेल्या रीतीत प्रत्येक जण आधी एकट्याने अंदाज लिहितो, मग सर्वांचे अंदाज नावाशिवाय मांडून चर्चा होते, मतभेद का आहेत हे बोलले जाते, आणि मग प्रत्येक जण पुन्हा एकट्याने लिहितो. आपल्याकडच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सर्वांत ज्येष्ठ माणूस आधी बोलतो, आणि त्यानंतर तरुण संशोधकाच्या वहीतला वेगळा आकडा वहीतच राहतो. ज्येष्ठांविषयी आदर असावा, पण आधी कागदावर लिहून घेण्याने तो कुठेही कमी होत नाही.

आकडा काढताना आणखी एक प्रश्न सुटावा लागतो: तुलना कशाशी? दख्खनच्या माळरानांचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. महसुली दप्तरात ती पडीक, आणि अनेकांच्या मनात ती तुटलेल्या जंगलाचे अवशेष. तुलनेचा पाया जंगल धरला, तर माळ नेहमीच नापास होतो आणि त्यावर झाडे लावणे हा उपाय ठरतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य आणि लोकवाङ्मय या प्रश्नासाठी वाचले. त्यातल्या वनस्पतींचे उल्लेख मोठ्या प्रमाणात उघड्या, गवताळ, काटेरी मुलखातले निघाले. म्हणजे हा माळ जुना आहे, त्याचा स्वतःचा पाया आहे. ओव्या रचणाऱ्यांना आणि गुरे राखणाऱ्यांना हे ठाऊक होते. राष्ट्रीय मोजमापात त्यांची साक्ष दाखल व्हायला इतका काळ लागला.

ही साक्ष घेण्याची कायदेशीर सोय आपल्याकडे आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांना सोबत घेऊन लोकजैवविविधता नोंदवही करावी. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचे १९९० च्या दशकातले काम आहे. गावातले वैदू, मासेमार, मेंढपाळ, मध काढणारे यांचे ज्ञान आणि विद्यापीठातले ज्ञान एका वहीत शेजारी यावे, असा त्यांचा आग्रह होता. बरीच वर्षे काम रखडले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपयांचा भुर्दंड सांगितला. आज देशात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या आहेत. मुदत गाठण्याच्या घाईत पुष्कळ वह्या बाहेरच्या माणसांनी तक्ते भरून पुऱ्या केल्या, गावाशी बोलणे राहूनच गेले. सायाळ, साळिंदर आणि साळू ही एकाच प्राण्याची नावे आहेत, हे न कळणारा माणूस तक्ता भरतो तेव्हा एका प्राण्याचे तीन होतात. मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशासाठी बोलीबोलींतून नावे गोळा केली, ते काम किती पायाभूत होते ते अशा वेळी कळते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने दुसरी वाट दाखवली होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट सुरू झाले. एखादा प्रश्न घेऊन गावातले आणि बाहेरचे लोक बसतात, बोलतात, जंगलात जाऊन पाहतात, पुन्हा बसतात. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अशा बसण्या-बोलण्याची वीस वर्षे होती. नोंदवही हे त्या बैठकीचे टिपण असायला हवे होते. ते अजूनही होऊ शकते. भरलेल्या वह्या गावापुढे पुन्हा वाचाव्यात, कोणती माहिती कुणी सांगितली ते सांगणाऱ्याच्या संमतीने नोंदवावे, चुका खोडाव्यात, आणि ज्याबद्दल गावात दुमत आहे ते दुमत म्हणूनच लिहावे. औषधी वनस्पतींची जागा सांगायची नाही असे गावाने ठरवले, तर त्या ठरावाचा मान राखावा.

राज्य आणि केंद्र सरकारने यापुढे जैवविविधतेचा कोणताही आकडा किमान आणि कमाल मर्यादेसह, पद्धतीच्या खुलाशासह प्रसिद्ध करावा, मूळ नोंदी संशोधकांना तपासायला खुल्या ठेवाव्यात, आणि पद्धत बदलली तर जुनी आणि नवी पद्धत एक फेरी तरी सोबत चालवावी, अशी आमची मागणी आहे. याहून कठीण आहे ती मोजणी चालू ठेवणे. संशोधन प्रकल्पाला तीन वर्षांचा निधी मिळतो. पक्षी, गवत, मधमाश्या यांच्यातला बदल कळायला पंधरा-वीस वर्षे लागतात.

गिधाडांचे काय झाले ते आठवावे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजत होते. तेव्हा गिधाडे इतकी होती की ती मोजण्याचे कारण अनेकांना कळले नसते. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजली आणि घसरण समोर आली. १९९१ ते १९९३ दरम्यान देशातल्या ठरावीक रस्त्यांवरून जाऊन शिकारी पक्षी मोजले गेले होते. २००० नंतर त्याच रस्त्यांवरून पुन्हा पुन्हा जाऊन गिधाडे मोजली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून सिद्ध झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. त्या पहिल्या फेऱ्या झाल्या नसत्या, तर किती गिधाडे गेली हे सांगायला आपल्याकडे काहीच नसते.

नान्नज, रेहेकुरी आणि सासवडच्या माळांवर आज चंडोल, धाविक आणि तितर आहेत. तिथे ठरावीक वाटा आखून, ठरावीक महिन्यांत, त्याच रीतीने दरवर्षी मोजणी करणारी आणि पुढची वीस वर्षे निधीची हमी असलेली फेरी राज्याने याच हिवाळ्यात सुरू करावी. स्थानिक महाविद्यालये, वनरक्षक, मेंढपाळ आणि पक्षीमित्र त्यासाठी पुरेसे आहेत.